उजाडण्याआधीचा चेहरा

दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढून झाल्यावर आत्या विश्रांतीसाठी आमच्याकडे पुण्याला आली, तेव्हा पहिले दोन-तीन दिवस ती घरातली प्रत्येक वस्तू नव्याने पाहत होती. पडद्यांचा निळा रंग इतका गडद आहे हे तिला ठाऊकच नव्हते. माझ्या कानशिलावरचे केस पिकले आहेत, हे तिने पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकले. चौथ्या दिवशी सकाळी हातात शेंगांची परडी घेऊन स्वयंपाकघराकडे जाताना ती पॅसेजमधल्या चित्रापुढे थांबली. गेली सहा वर्षे ते चित्र तिथे टांगलेले आहे आणि आत्या त्याच्यासमोरून कितीतरी वेळा गेली असेल, पण त्या दिवशी ती काचेला नाक लागेल इतकी जवळ गेली आणि म्हणाली, “हो बापयो आसा गो.” मला फार आनंद झाला. घरी येणाऱ्या बहुतेकांना ती एक जपानी बाई वाटते आणि मग तो स्त्रीवेषातला पुरुष नट आहे हे मला समजावून सांगावे लागते. आत्याने ते कुणी न सांगता ओळखले होते. मी उत्साहाने सांगू लागले, की चित्रकाराची थोरवी नेमकी यातच आहे, त्याने बाईच्या आतला पुरुषही कागदावर आणला. आत्याने ऐकून घेतले, पुन्हा एकदा चित्राकडे पाहिले आणि म्हणाली, “काढणाऱ्यान बिचाऱ्याक उघडो पाडल्यान.” मग ती शेंगा निवडायला आत निघून गेली.

ते वाक्य मला दिवसभर सलत राहिले.

चित्र आहे तोशुसाई शाराकु या जपानी चित्रकाराचे, लाकडी ठोकळ्यांवरून छापलेले. त्यातला नट सेगावा किकुनोजो, या नावाचा तिसरा, आणि भूमिका तानाबे बुन्झोची पत्नी ओशिझु. 1794च्या पाचव्या महिन्यात एदो शहरातल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, मियाको-झा या नाट्यगृहात जे नाटक लागले होते, त्यातली ही व्यक्तिरेखा. नाटकाला आधार होता कामेयामाच्या किल्ल्यावर 1701 साली घडलेल्या एका सूडाचा: वडिलांच्या खुनाचा बदला दोन भावांनी 28 वर्षांनी घेतला होता. ओशिझु त्या कथेच्या कडेला उभी आहे. ती आजारी आहे, आणि ते तिच्या कपाळावरच्या जांभळ्या पट्टीवरून कळते. काबुकी या जपानी नाट्यप्रकारात अशा पट्टीला अर्थ असतो. गाठ डाव्या बाजूला असेल तर माणूस आजारी, उजव्या बाजूला असेल तर तो रुबाबदार, रगेल नायक. प्रेक्षकांना हे पाठ असे. चित्रावर नटाचे नाव नाही, भूमिकेचे नाव नाही, नाटकाचेही नाही. शाराकुची सही, प्रकाशकाची खूण आणि तपासनिसाचा लहानसा शिक्का, एवढेच. बाकी सारे तो चेहरा सांगतो, आणि ज्या शहरासाठी तो छापला होता त्या शहराला तेवढे पुरेसे होते.

मी हा चेहरा पहिल्यांदा टोकियोत, उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहिला. या चित्रांचे रंग उजेडाने उडतात, म्हणून तिथे ती काही आठवड्यांपुरतीच भिंतीवर येतात आणि पुन्हा अंधाऱ्या पेटीत जातात. दालनात दिवे मंद होते. मी मध्यम आकाराच्या चौकटींसमोरून हळूहळू सरकत होते आणि एका जागी माझे पाऊल अडले. साधारण हातभर उंचीचा कागद, त्यावर छातीपासून वरचा एक माणूस, आणि त्याच्यामागे काळसर करडी, किंचित चमकणारी पोकळी. जबडा जड, गाल भरलेले, डोळे लहान आणि त्यांच्याभोवती थकव्याची एखादीच रेघ. ओठ मात्र अगदी छोटे रंगवलेले, कुणीतरी मोठ्या चेहऱ्यावर लहान मुलीचे तोंड ठेवावे तसे. बाईचे सगळे सामान त्या चेहऱ्यावर आहे: केसांची रचना, भुवया, मानेवरचा पांढरा रंग. आणि त्या सामानाच्या खाली वयाच्या चव्वेचाळिशीकडे निघालेला एक पुरुष आहे, जो वर्षानुवर्षे दिवसच्या दिवस या सामानाखाली उभा राहिला आहे. मी तिथून हलले नाही. परत येताना मी आजच्या कारागिरांनी जुन्या पद्धतीने ठोकळे कोरून काढलेली त्याची प्रतिकृती विकत घेतली आणि विमानात ती नळी मांडीवर धरून बसले.

शाराकुबद्दल जे काही सांगता येते ते थोडक्यात सांगून होते, आणि तरी मन त्याच्याभोवती फिरतच राहते. 1794च्या उन्हाळ्यात त्याची 28 अर्धचित्रे एकदम बाजारात आली, सगळीच्या सगळी काळ्या अभ्रकाच्या पार्श्वभूमीवर. नवख्या चित्रकारावर एवढा खर्च करण्याचे धाडस त्सुताया जूझाबुरो या प्रकाशकाने केले, आणि तेसुद्धा तीनच वर्षांपूर्वी, 1791 साली, एका लेखकाची पुस्तके छापल्याबद्दल सरकारने त्याची निम्मी मालमत्ता जप्त केलेली असताना. त्यानंतरच्या महिन्यांत शाराकुने पूर्णाकृती चित्रे काढली, मग लहान आकाराची काढली, मग आणखी उतरती. दहा महिन्यांत 140हून अधिक चित्रे, आणि 1795च्या आरंभी तो थांबला. नंतर त्याचे एकही नवे चित्र प्रसिद्ध झाले नाही. तो आवा संस्थानाच्या पदरी असलेला साइतो जूरोबेई नावाचा, ‘नो’ या मुखवट्यांच्या नाट्यप्रकारातला नट होता, असे पुढच्या पिढीतल्या एका जाणकाराने लिहून ठेवले आहे आणि आज बहुतेक अभ्यासक तिकडेच झुकतात. मला हे पटते, कारण मुखवट्याच्या रंगभूमीवर वाढलेल्या माणसालाच उघड्या चेहऱ्याचे एवढे नवल वाटू शकते. पण हे माझे वाटणे आहे, पुरावा नव्हे.

त्याच काळात एदोमध्ये वावरणारा ओता नान्पो हा साहित्यिक शाराकुबद्दल दोन-तीन ओळी लिहून गेला आहे. शाराकुने नटांची चित्रे काढली, पण खरेपणाच्या ओढीने जे काढू नये ते काढले, म्हणून त्याचे फार दिवस चालले नाही, एवढाच त्याचा आशय. मी हे कितीतरी वेळा वाचले होते आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात नान्पोच्या विरुद्ध उभी राहिले होते. बाजाराला सत्य झेपले नाही, असा मी त्याचा सोयीस्कर अर्थ लावला होता. आत्याने शेंगांची परडी हातात धरून नान्पोचेच म्हणणे मालवणीत सांगितले, तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आले की नान्पोच्या त्या वाक्यात कदाचित चिडचीड नसेल. कदाचित त्याला त्या नटांची दया आली असेल.

कारण ही चित्रे कोणासाठी होती हे विसरून चालत नाही. ती संग्रहालयासाठी नव्हती. रस्त्याच्या कडेच्या चित्रांच्या दुकानात सोबा शेवयांच्या एक-दोन वाडग्यांच्या किमतीत ती मिळत. नाटक पाहून बाहेर पडलेली मुलगी, वाण्याच्या दुकानातला नोकर, सुट्टीवर आलेली दासी ती घरी नेत आणि भिंतीवर, पडद्यावर, पेटीच्या झाकणावर चिकटवत. नट हा त्यांचा देव होता. शाराकुच्याही शंभर वर्षांपूर्वीच्या चित्रांत तर चेहरा महत्त्वाचा नव्हताच. तोरी घराण्याचे चित्रकार भोपळ्यासारख्या पोटऱ्या आणि गांडुळासारख्या वळणदार रेषा काढत आणि नट कोण ते बाहीवरच्या घराण्याच्या खुणेवरून ओळखायचे. तीन चौकोन एकात एक दिसले की इचिकावा घराण्याचा दान्जुरो, कापसाचा बांधलेला गठ्ठा दिसला की सेगावा. मग 1770च्या आसपास कात्सुकावा शुन्शोने प्रत्येक नटाला त्याचा स्वतःचा चेहरा दिला, आणि लोकांना त्याची चटक लागली. पण तो चेहराही सुखाचा होता. शाराकुच्याच वर्षी तरुण उतागावा तोयोकुनीने रंगमंचावरील नटांची पूर्णाकृती मालिका सुरू केली आणि ती दोनेक वर्षे चालली. तिच्यातले नट उंच, सडपातळ, ताठ उभे आहेत. त्यांच्याकडे पाहताना नाटक संपल्यावर घरी जाण्याच्या वाटेवरची ती धुंदी कळते. तोयोकुनीचे पुढे घराणे झाले, शिष्यांचे शिष्य झाले. मी त्याला इतकी वर्षे गोड बोलणारा चित्रकार म्हणून बाजूला सारत आले होते, आणि आता मला तेही अन्यायाचे वाटते.

या लोकांचे प्रेम किती खोल होते, हे नटाच्या मरणानंतर दिसे. आठव्या इचिकावा दान्जुरोने 1854 साली ओसाकात आत्महत्या केली, ऐन तिशीत. त्याच्या मृत्यूची चित्रे शंभराहून जास्त प्रकारांनी छापली गेली. त्यांतल्या एका प्रकारात बुद्धाच्या महानिर्वाणाच्या चित्रासारखी मांडणी असते: मध्ये दान्जुरो, आणि भोवती ऊर बडवणाऱ्या बायका. बारा वर्षे आधी, 1842 साली, सरकारने नटांच्या चित्रांवर बंदीच घातली होती, नाट्यगृहे शहराच्या कडेला नेऊन टाकली होती. तरी कुनियोशी या चित्रकाराने 1847च्या सुमारास गोदामाच्या भिंतीवर कुणीतरी खिळ्याने खरडावे तशी चित्रे काढून छापली, आणि त्या वेड्यावाकड्या रेघोट्यांतूनही लोकांनी आपापला नट ओळखला. माणसाचे नाक, हनुवटी, डोळ्यांचा कोन असे पाठ असणे, हे साधेसुधे प्रेम नव्हे. अशा प्रेमापुढे शाराकुने किकुनोजोचा जबडा ठेवला.

आणि तरी त्यात बाईच्या आतला पुरुष हे काही गुपित नव्हते. 1629 साली स्त्रियांना रंगमंचावरून हटवले गेले, 1652 साली कोवळ्या मुलांनाही, आणि त्यानंतर नटांना प्रौढ पुरुषासारखे कपाळावरचे केस भादरावे लागले. स्त्रीभूमिका करणाऱ्यांनी मग त्या भादरलेल्या जागेवर जांभळ्या रेशमाचा तुकडा ठेवायला सुरुवात केली. झाकण्यासाठी ठेवलेला तो तुकडाच पुढे सौंदर्याची खूण झाला. ज्या प्रेक्षकांना जांभळ्या तुकड्याखाली काय आहे हे पक्के ठाऊक होते, त्यांना शाराकुने पुरुष दाखवला म्हणून राग येण्याचे कारण नव्हते. मग त्याने नेमके उघडे काय पाडले?

ते मी त्या दुपारी आत्यालाच विचारले. आत्याचे माहेर कुडाळजवळचे. तिच्या वाडीतले एक शेजारी दशावतारात स्त्रीभूमिका करत. द्रौपदी, तारामती, कुणाची तरी शापित राणी. दिवसा भातशेती, रात्री जत्रेत नाटक. आत्या सांगत होती, की ते पुरुष आहेत हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होते, त्यांच्या बायकोला तर होतेच, पण तारामती रडली की तीही रडायची. लपवायचे होते ते वेगळेच. नाटक रात्रभर चाले. दोनदा घोटून दाढी केली तरी पहाटेपर्यंत गालावर हिरवट छाया येई. पन्नाशीनंतर मानेवरच्या सुरकुत्यांत पावडर साचे. मग उजाडायच्या सुमारास ते मंचावरच्या त्या एकुलत्या बाकड्याच्या पलीकडच्या टोकाला सरकून बसत, गॅसबत्तीकडे तोंड आणि पूर्वेकडे पाठ करून, म्हणजे दिवसाचा उजेड चेहऱ्यावर पडू नये. “उजवाडलां काय बाई जाता,” असे ते म्हणत. आत्या हे सांगताना हसली नाही. लहानपणी तिने एकदा मुद्दाम मंचाच्या त्या बाजूला जाऊन पहाटेच्या उजेडात त्यांचा चेहरा पाहिला होता, आणि त्यांच्या ते लक्षात आले होते. त्यांनी तिला काही म्हटले नाही. फक्त पदर थोडा पुढे ओढला. सत्तर वर्षे झाली, पण तो ओढलेला पदर तिला अजून आठवतो.

मी चित्रापुढे जाऊन उभी राहिले. किकुनोजो 1751चा, म्हणजे चित्राच्या वेळी त्रेचाळीस वर्षांचा. त्याच्याच बरोबर शाराकुने चितारलेला चौथा इवाई हान्शिरो सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि त्याच्याही गोल, सुजट गालांचे काही लपवलेले नाही. पुरुषभूमिका करणारा इचिकावा एबिझो, म्हणजे पूर्वीचा पाचवा दान्जुरो, तर त्रेपन्नचा. पण त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या त्याला शोभतात, भूमिकेला बळ देतात. तिसरा ओतानी ओनिजी एदोबेई या दुष्ट नोकराच्या भूमिकेत दोन्ही पंजे ताणून उभा आहे, ते चित्र तर आता मगांवर आणि पिशव्यांवरही मिळते. पुरुषाचे वय चित्रकाराला बक्षीस मिळाल्यासारखे असते. किकुनोजोचे तसे नाही. त्याच्या सगळ्या आयुष्याचा धंदा वय आणि हाडे विसरायला लावण्याचा होता, आणि एदोतला पहिल्या प्रतीचा स्त्रीनट म्हणून तो ते रोज करून दाखवत होता. शाराकु बहुधा पुढच्या रांगेत, भलत्या बाजूला बसला होता.

पण मी हे लिहीत असताना माझी नजर पुन्हा त्या केसांकडे जाते. या चित्रांत रेषा चित्रकाराची असली तरी लाकूड कोरणारा वेगळा आणि छापणारा वेगळा. पातळ कागदावरचे रेखाटन उलटे करून पहाडी चेरीच्या फळीवर चिकटवत आणि कागदासकट लाकूड कोरत, म्हणजे चित्रकाराच्या हातची मूळ रेघ कोरण्यातच नाहीशी होई. कपड्यांचा भाग कारखान्यातली शिकाऊ मुले कोरत. डोके आणि केसांची कड उस्तादाकडे जाई. कपाळाच्या कडेला जिथे केस सुरू होतात तिथल्या एकेका केसाची रेघ चित्रकार काढतच नसे, नुसती दिशा दाखवी, आणि उस्ताद ती स्वतःच्या मनाने केसाइतकीच बारीक कोरत असे. टोकियोतल्या एका कारखान्यात मी छापण्याचे काम पाहिले आहे. कारागीर उतरत्या पाटापुढे मांडी घालून बसतो, ठोकळ्यावर ब्रशने रंग आणि तांदळाची खळ फिरवतो, ओलसर कागद कोपऱ्यातल्या खुणेत बसवतो आणि बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेली चकती अंगाचा भार देऊन कागदाच्या पाठीवर फिरवतो. सर्र, सर्र, असा कोरड्या पानांसारखा आवाज येतो. कागद उचलला की त्याच्या पाठीवरही रंगाची सावली उमटलेली असते, इतका तो आत गेलेला असतो. किकुनोजोच्या कानशिलावरची ती कड मी भिंगातून पाहिली आहे. तिथे एकही रेघ कठोर नाही. जबडा शाराकुने पाहिला तसा राहिला. पण केस कुणातरी अनाम माणसाने, किकुनोजोला नाटकात पाहिलेल्या आणि कदाचित त्याच्यासाठी रडलेल्या माणसाने, मऊ केले. आत्याला हे सांगावेसे वाटले, पण ती तेव्हा झोपली होती.

आणखी एक गोष्ट मला आधी कळायला हवी होती. आगीच्या भीतीमुळे एदोतली नाटके दिवसा होत आणि उजेड वरच्या खिडक्यांतून येई. ढगाळ दिवशी, किंवा दुपार कलली की, रंगमंचावर अंधारून येई. मग मागचा मदतनीस लांब काठीच्या टोकावर मेणबत्ती लावून ती नटाच्या चेहऱ्याखाली धरी. नट फिरला की मेणबत्ती फिरे. बाकी सगळे काळोखात आणि एकच पांढरा चेहरा उजळलेला. शाराकुच्या मागची ती काळी अभ्रकाची जमीन मला त्या अंधाराची आठवण करून देते. अभ्रकाची पूड खळीत कालवून कागदावर बसवतात, आणि कागद हातात घेऊन कलवला की ती काळ्या पाण्यासारखी लकाकते. काचेमागे, छताच्या दिव्याखाली, ते काहीच होत नाही. मी ते चित्र सहा वर्षे पॅसेजमधल्या पांढऱ्या एलईडीखाली टांगून ठेवले होते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी जोराचा पाऊस आला आणि सात वाजता वीज गेली. इन्व्हर्टर बिघडलेला होता. मी देवघरातून मेणबत्ती आणली, आत्याला हात धरून न्हाणीघराकडे नेत होते, आणि पॅसेजमध्ये ती अचानक थांबली. तिने माझे मनगट धरून मेणबत्ती खाली, चौकटीच्या तळाशी नेली आणि म्हणाली, “हंय धर.” काचेवर आधी आमचीच दोघींची डोकी दिसली. मी काच बाजूला कलवण्यासाठी चौकट खिळ्यावरून काढली आणि भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवली. खालून उजेड आला तसा मागचा काळोख हलू लागला, चमकला, पुन्हा बुडाला. जबड्याची खालची कड पांढऱ्या रंगात मिसळून गेली. डोळ्याजवळची रेघ राहिली, पण ती आता आजाराची वाटत होती, ओशिझुच्या. पट्टीची गाठ दिसली. ओठ छोटे होते ते योग्य आकाराचे झाले. मेण माझ्या बोटावर ओघळले तरी मी हात हलवला नाही. आत्या भिंतीला धरून हळूहळू खाली बसली, चेहऱ्याच्या उंचीला आली, आणि बराच वेळ पाहत राहिली.

“आता बाई दिसता,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “नाव काय म्हणलंस त्येचा?”

मी नाव सांगितले. तिने ते दोनदा तोंडात घोळवले, तिसऱ्यांदा बरोबर म्हटले. वीज आली तेव्हा पॅसेजमधला दिवा आपोआप लागला, आणि आत्याने मला आधी तो घालवायला सांगितले.